आधी फीत, मग वॉकमन

जुना वॉकमन उघडायच्या आधी एक गोष्ट ठरवून टाका: दुरुस्तीनंतर त्यात पहिली कॅसेट कोणती घालायची. कायमची गेली तरी घरात कोणाला हळहळ वाटणार नाही, अशी एखादी कॅसेट शोधा, तिच्यावर ठळक अक्षरांत ‘चाचणी’ लिहा आणि मगच स्क्रूला हात लावा. या छंदात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी सगळ्यात आधी हेच सांगतो.

वॉकमन पुन्हा मिळू शकतो. सोनीचा पहिला वॉकमन, टीपीएस-एल२, १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. २०१० मध्ये सोनीने तिथल्या बाजारातून कॅसेट वॉकमन काढून घेतला, तोवर जगभरात असे सुमारे २० कोटी वॉकमन खपले होते. इतर कंपन्यांचे वेगळेच. एक बिघडला तर दुसरा जुन्या बाजारात मिळतो. पु. लं.च्या कथाकथनाची कॅसेट खराब झाली तरी वाईट वाटतं, पण ते कथाकथन दुसरीकडे ऐकायला मिळतं. आजोबांनी गावच्या देवळात केलेलं कीर्तन किंवा आखातातून मामाने पत्राऐवजी बोलून पाठवलेली कॅसेट मात्र जगात एकच असते.

आमच्या इमारतीतल्या एका काकूंकडे त्यांच्या वडिलांच्या भजनांची अशी एकच कॅसेट होती. कुणीतरी ‘बेल्ट टाकून चालू करून दिलेल्या’ वॉकमनमध्ये त्यांनी ती हौसेने लावली. दोन-तीन मिनिटं भजन वाजलं, मग आवाज घोगरा झाला आणि थांबला. त्या वॉकमनसकट माझ्याकडे आल्या तेव्हा झाकणातून टेपचं वेटोळं बाहेर लोंबत होतं.

“अरे, बाबांचा आवाज आहे तो. एवढा एकच आहे बघ,” त्या म्हणाल्या.

“काकू, आता ओढू नका. अजिबात ओढू नका. आणि प्ले-बिले काही दाबू नका,” एवढंच मी म्हणू शकलो.

आत काय झालं होतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण नवख्याच्या हातून दुरुस्त झालेल्या यंत्रात बहुतेक वेळा हेच होतं. कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने पुढे सरकते. हा वेग ठरवते कॅप्स्टन नावाची बारीक फिरती पोलादी काडी. तिच्यावर रबरी पिंच रोलर फितीला दाबून धरतो आणि दोघं मिळून फीत पुढे ढकलतात. पुढे आलेली फीत गुंडाळून घेण्याचं काम दुसऱ्या चकतीचं. बेल्ट सैल असेल, नाहीतर ती चकती कोरडी पडून अडखळत असेल, तर कॅप्स्टन फीत ढकलत राहतो आणि ती घ्यायला पुढे कोणी नसतं. मग ती रोलरभोवती गुंडाळत जाते. तुम्ही गाणं ऐकत असता आणि आत फीत चुरगळत असते.

म्हणून बेल्ट बदलल्यावर आधी कॅसेट न घालताच, झाकण उघडं ठेवून प्ले दाबा. काही मॉडेलांत त्यासाठी झाकणाची खिटी बोटाने दाबून धरावी लागते. गुंडाळणारी चकती एकसारखी फिरते का ते पाहा. तिच्यावर बोटाचं टोक हलकेच टेकवा: चकती थांबायला हवी, पण बोटाला तिची ओढ जाणवायला हवी, आणि बोट उचलताच ती पुन्हा फिरू लागायला हवी. ओढच नसेल तर तो वॉकमन अजून दुरुस्त झालेला नाही. मग चाचणीची कॅसेट दोन्ही बाजूंनी पूर्ण वाजवा, मध्येच नव्हे, कारण भरलेलं रीळ ओढताना आणि रिकामं होत आलेलं रीळ ओढताना यंत्रावरचा भार वेगळा असतो. एवढं नीट झालं तरच घरच्या कॅसेटचा विचार करायचा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत साठवाल्यापेक्षा पातळ असते आणि एकशेवीसवाल्याची त्याहून पातळ. एकशेवीसची कॅसेट नुकत्याच दुरुस्त केलेल्या यंत्रात मी घालतच नाही.

काकूंची फीत वाचली. रोलर हाताने उलटा फिरवत, चिमटा न लावता, इंचाइंचाने ती सोडवली. जुनं कवच चिकटवलेलं होतं, म्हणून स्क्रूच्या कवचाची दुसरी कॅसेट घेऊन रिळं तिच्यात बसवली. जिथे चुण्या पडल्या तिथे आवाज आता थोडा दबतो, पण भजनं आहेत. फीत तुटली असती तर ती जोडायला खास चिकटपट्टी मिळते तीच वापरावी लागली असती. घरातली साधी सेलोटेप लावू नका. तिचा गोंद काही काळाने पाझरतो, शेजारच्या वेढ्यांना चिकटतो आणि फितीवरचा आवाज वाचणाऱ्या हेडलाही लागतो.

आता पहिलं यंत्र कोणतं घ्यायचं ते. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात ‘फक्त बेल्ट गेलाय’ हे वाक्य प्रत्येक वॉकमनबरोबर मिळतं. त्यावर अवलंबून राहू नका. पहिल्यांदा सेलची पेटी उघडून पाहा. स्प्रिंगांवर पांढरा किंवा हिरवट थर असेल तर तो वॉकमन पहिल्या दुरुस्तीसाठी सोडून द्या. आपोआप बाजू बदलणारे, रेडिओवाले, हलक्या स्पर्शाच्या बटणांचे, कॅसेटपेक्षा जेमतेम मोठे असलेले बारीक धातूचे, हे सगळे नंतर. सोनीचे १९८२ पासूनचे डीडी मॉडेल ऐकायला अप्रतिम असतात, पण त्यांच्या मधल्या प्लास्टिकच्या दातेरी चाकाला चीर जाते आणि मग दर फेऱ्याला टक् टक् असा ठोका पडतो. ते नवशिक्याचं काम नाही. जाडजूड, साधा, कळ दाबली की खट्‌कन आवाज करणारा वॉकमन घ्या. त्याहून उत्तम म्हणजे टेबलावर आडवा ठेवायचा जुना मोनो टेपरेकॉर्डर. आत जागा भरपूर, बेल्ट मोठे, तारा जाड. हात बसायला यासारखं दुसरं काही नाही. एक मात्र सांभाळा. रेकॉर्डिंगच्या यंत्रात घरची कॅसेट घालण्याआधी तिच्या पाठच्या कडेवरच्या दोन्ही चौकोनी पट्ट्या मोडून टाका. रेकॉर्डचं बटण चुकून दाबलं गेलं तरी मग आवाज पुसला जाणार नाही.

सेलला पाणी सुटलेलं यंत्र कधीतरी हातात येणारच. इथे ऐकीव सल्ला नुकसान करतो. व्हिनेगर किंवा लिंबू लावा असं सगळे सांगतात, आणि ते अल्कलाइन सेलपुरतं बरोबर आहे, कारण त्यातून पाझरतो तो क्षार असतो. आपल्याकडे वर्षानुवर्षं घराघरात वापरले गेलेले स्वस्त पेन्सिल सेल मात्र झिंक-कार्बनचे. त्यांतून आम्लधर्मी द्रव निघतो, त्यावर व्हिनेगर ओतणं म्हणजे आगीत तेल. तिथे ओलसर खाण्याचा सोडा उपयोगी. आत कोणते सेल होते ते कळत नसेल तर कोरड्या ब्रशने थर झाडा, किंचित ओल्या कापडाने पुसा आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने. हातमोजे आणि चष्मा हवाच. स्प्रिंग चकचकीत झाली म्हणून थांबू नका. पाझर तारेच्या आवरणाखालून आत सरकतो, विशेषतः ऋण टोकाच्या तारेतून. ती तार आतून काळी पडली असेल तर तिच्यावर सोल्डर धरत नाही. ती पूर्ण बदलावी लागते.

स्क्रूंबद्दल थोडक्यात सांगतो, पण याकडे दुर्लक्ष करू नका. जपानी यंत्रांतले स्क्रू स्टारचे दिसले तरी त्यांची खाच जेआयएस या जपानी मापाची असते. नेहमीचा स्टार स्क्रूड्रायव्हर त्यांत पूर्ण बसत नाही, निसटतो आणि खाच गुळगुळीत करून ठेवतो. जेआयएसची टोकं मिळतात, ती आधी घ्या. प्रत्येक थर उघडताना मोबाइलवर फोटो काढा आणि निघालेले स्क्रू त्याच क्रमाने कागदावर चिकटवत जा, कारण आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू गेला तर तो थेट सर्किटात घुसतो. चुंबक लावलेला स्क्रूड्रायव्हर हेडजवळ नेऊ नका.

जुना बेल्ट पुष्कळदा डांबर होऊन पुलीला चिकटलेला असतो. तो सगळा, अगदी खाचेतला सुद्धा, अल्कोहोलच्या बोळ्याने काढावा लागतो. हे तासाभराचं कंटाळवाणं काम आहे आणि वॉकमन नीट चालणार की डगमगत, हे इथेच ठरतं. ऑफिसातला रबर बँड बेल्टच्या जागी लावू नका. त्याची जाडी सारखी नसते, त्यामुळे सूर हलतो. दोरा पुल्यांभोवती फिरवून लांबी मोजा आणि साधारण पाच टक्के कमी परिघाचा बेल्ट घ्या. फार घट्ट घेतलात तर मोटरचं बेअरिंग झिजतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत विचारलं तर अजूनही काही दुकानांत बेल्टची जुडी निघते.

हेड पुसायला हँड सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरिन असतं. खोबरेल तेल तर कुठेच नको, थंडीत ते गोठतं आणि पुढे चिकट होतं. शिलाई मशिनच्या तेलाचा सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब कॅप्स्टनच्या बेअरिंगला पुरतो. हेडशेजारी रंगाचा ठिपका लावलेला स्प्रिंगवाला बारीक स्क्रू असतो. त्याने हेडचा फितीशी असलेला कोन ठरतो. आवाज दबका वाटला की तो फिरवायचा मोह होतो. आधी हेड पुसा, दुसरी कॅसेट लावून पाहा. घरी रेकॉर्ड केलेल्या कॅसेटवर हा स्क्रू कधीच जुळवू नका. ती मुळात वाकड्या हेडवर भरलेली असेल तर बाकी सगळ्या कॅसेट दबक्या होतील.

वेग तपासायला मला महागडी साधनं लागली नाहीत. माहितीच्या गायकाची विकत घेतलेली कॅसेट आणि मोबाइलवरचा तानपुरा पुरतो. काळी एकचं गाणं पांढरी एकला लागत असेल तर यंत्र सुमारे सहा टक्के मंद आहे. तो फरक मोटरच्या पाठीमागच्या भोकातून, प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने, केसभर फिरवून दुरुस्त होतो. पण बेल्ट नवा आणि पुल्या स्वच्छ असल्याशिवाय तिथे हात घालू नका, नाहीतर सैल बेल्टची भरपाई मोटरकडून करून घ्याल.

कोकणातून किंवा मुंबईतून आलेल्या कॅसेट खिडकीच्या उजेडात धरून पाहिल्याशिवाय कोणत्याही यंत्रात घालू नका. रिळाच्या कडेवर पिठूळ पांढरे डाग म्हणजे बुरशी. अशी एक कॅसेट वाजवली की बुरशी हेडला आणि रोलरला लागते, आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत बंद करा आणि ध्वनिफिती वाचवण्याचं काम करणाऱ्यांकडे द्या.

यंत्र महिनाभर बिनतक्रार चालल्यावर मौल्यवान कॅसेट लावायची, आणि पहिल्याच वेळी इयरफोनच्या जॅकमधून संगणकावर भरून घ्यायची. आवाज निम्म्याच्या आसपास ठेवा, सगळ्यात मोठ्या आवाजाला सूर फाटत नाही ना ते आधी ऐका, आणि पूर्ण बाजू एका दमात भरा. खरखर काढणं, तुकडे करणं नंतर, प्रतीवर. फाइलला नाव देताना आवाज कोणाचा, गाव कोणतं, साल कोणतं हे घरातल्या मोठ्यांना विचारून लिहा, कारण कव्हरवरची शाई उडालेली असते. एक प्रत दुसऱ्या घरी, बहिणीकडे, काकांकडे, राहू द्या. कॅसेटही टाकू नका. उद्या तुमचा हात आणखी बसेल, चांगलं यंत्र मिळेल, आणि त्याच फितीतून आजच्यापेक्षा स्वच्छ आवाज काढता येईल.