भाकर, झोप आणि एक सोबती

शास्त्रवाचन : १ राजे १९:१-२१



चाळिशी-पन्नाशीच्या वळणावर पुष्कळांना एक अनुभव येतो. परंतु मंडळीत त्याविषयी उघडपणे बोलण्याचे धाडस क्वचितच कोणी करतो. सकाळी डोळे उघडतात तेव्हाच अंग मोडून आलेले असते. नोकरीवर जायचे असते, वडीलधाऱ्यांचे औषधपाणी असते, मुलांच्या फीची जुळवाजुळव असते. आणि रविवारी संडेस्कूल, कमिटीची बैठक व आजाऱ्यांच्या भेटी ठरलेल्याच असतात. ही कामे पूर्वी आनंदाने होत असत. आता ती कशीबशी पार पडतात, एवढेच. प्रार्थनेला बसावे तर शब्द ओठांवर राहतात, मन हलत नाही. मग मनुष्य स्वतःलाच दोष देतो की, आपला विश्वास उणा पडला असावा. आणि त्या दोषाचे जणू प्रायश्चित्त म्हणून आणखी एक जबाबदारी अंगावर घेतो.

तो दोष खरा आहे काय, आणि ते प्रायश्चित्त योग्य आहे काय, हे आपण या पाठात पाहू.

थकव्याचे नाव

१९७४ साली न्यूयॉर्कमधील मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी या अवस्थेवर लेख लिहून तिला ‘बर्नआउट’ हे नाव रूढ केले. त्यांच्यासमोर जी माणसे होती ती आळशी नव्हती. ती गरिबांसाठी चालवलेल्या मोफत दवाखान्यांत मनापासून राबणारी माणसे होती. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जो कधी पेटलाच नाही तो विझेल कसा? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या नव्या रोगवर्गीकरणात या अवस्थेची नोंद केली. ती स्वतंत्र रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. तिची तीन लक्षणे तेथे सांगितली आहेत : शक्ती संपून जाणे, कामाविषयी मन उडणे किंवा कडवट होणे, आणि हातून काही नीट होत नाही असे वाटणे.

ही व्याख्या नोकरी-व्यवसायापुरती आहे. तथापि घरात आजारी सासूसासऱ्यांची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या भगिनीला आणि मंडळीचे हिशेब वीस वर्षे एकहाती सांभाळणाऱ्या बंधूला ही तीनही लक्षणे ओळखीची वाटतील.

झुडपाखालचा संदेष्टा

आता शास्त्रभागाकडे वळू. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलेला एलीया ईजबेलीच्या एका निरोपाने खचून जातो. तो बैर-शेब्यापर्यंत जातो, आपल्या चाकराला तेथेच ठेवतो, आणि एकटाच रानात एक दिवसाची वाट चालून रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो. इतके थोर सेवाकार्य केलेल्या मनुष्याची ही प्रार्थना आहे.

या प्रार्थनेला मिळालेले उत्तर पाहा. देवदूत त्याला रागे भरत नाही. त्याला उपदेशही करीत नाही. विस्तवावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे पात्र त्याच्या उशाशी ठेवलेले असते. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. दुसऱ्यांदा त्याला उठवले जाते तेही खाण्यासाठीच, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीपलीकडची आहे. दोन वेळची झोप, दोन वेळचे अन्न आणि त्यानंतर होरेबापर्यंतची लांबची पायपीट. एवढे झाल्यावर मगच त्याला विचारले जाते की, तू येथे काय करतोस?

या प्रश्नाला एलीया दोनदा एकच उत्तर देतो : मी एकटाच उरलो आहे. थकलेल्या मनुष्याला हे वाक्य खरे वाटते, परंतु ते खरे नसते. त्याला कळवले जाते की, इस्राएलात सात हजार माणसे अजून उरली आहेत. मग त्याच्यावर तीन कामे सोपवली जातात : हजाएलाचा अभिषेक, येहूचा अभिषेक आणि आपल्या जागी अलीशाचा अभिषेक. पुढील अध्याय वाचले असता दिसते की, एलीया स्वतः यांपैकी केवळ अलीशाकडे गेला व त्याच्यावर आपला झगा टाकला. हजाएलाला तू राजा होशील हे अलीशाने सांगितले (२ राजे ८), आणि येहूच्या अभिषेकासाठी अलीशाने एका तरुण शिष्याला पाठवले (२ राजे ९). म्हणजे तीनपैकी दोन कामे एलीयाच्या हातून न होता पूर्ण झाली. एका माणसाला सोबत घेतल्यामुळे ती झाली.

तंजावरातील एक उदाहरण

हेच तत्त्व आपल्या देशाच्या इतिहासात पाहायचे असेल, तर तंजावरला जावे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तेथे भोसल्यांचे राज्य स्थापले, म्हणून मराठी माणसाला ते नगर परके नाही. तेथे ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने आपल्या आयुष्याची शेवटची वीस वर्षे घालवली. १७५० साली, चोविसाव्या वर्षाच्या सुमारास, ते तरंगमबाडीस आले, आणि १७९८ च्या फेब्रुवारीत तंजावरात त्यांनी देह ठेवला. या अठ्ठेचाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी परतले नाहीत.

त्यांच्यावरील भार किती होता? तमिळ मंडळीची जोपासना होतीच. त्याशिवाय शाळा होत्या, इंग्रज फौजेतील लोकांच्या उपासना होत्या. १७७९ साली मद्रास सरकारने त्यांना हैदर अलीकडे श्रीरंगपट्टणला पाठवले. पुढे हैदरशी युद्ध जुंपले आणि तंजावरच्या किल्ल्यात अन्नाची टंचाई पडली. पैसे मिळतील असा भरवसा नसल्याने शेतकरी धान्य आणीनात. श्वार्ट्झ यांनी शब्द दिला तेव्हा ते आले. १७८७ साली तुळजाजीराजांनी मृत्यूपूर्वी दत्तक घेतलेल्या बालक सरफोजीचीही काळजी त्यांच्यावर सोपवली. वाचकहो, यात आपल्याला काही ओळखीचे दिसते काय? ज्याच्या शब्दावर सर्वांचा भरवसा, त्याच्याच दारी प्रत्येक नवे काम येते. विश्वासू माणूस थकतो तो बहुधा असाच.

मग एवढा भार वाहून ते सत्तरी कसे ओलांडू शकले? त्यांची प्रकृती भक्कम होती आणि राहणी अत्यंत साधी होती, हे खरे. परंतु त्याहून महत्त्वाची एक गोष्ट त्यांच्या चरित्रात वारंवार दिसते : ते काम दुसऱ्याच्या हाती देत गेले. तिरुचिरापल्लीत त्यांनी १७६२ पासून मंडळी उभी केली होती. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, १७७८ साली, ती पोहले या सहकाऱ्याच्या हाती सोपवून ते तंजावरला स्थायिक झाले. दोन्ही गावे एकट्याने सांभाळण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. सकाळी स्थानिक उपदेशकांना एकत्र बसवून प्रार्थना करावी, त्यांना ठिकठिकाणी पाठवावे आणि संध्याकाळी त्यांचा वृत्तान्त ऐकावा, असा त्यांचा क्रम होता.

दक्षिणेस पाळयमकोट्टाई येथे एक लहान मंडळी उभी राहिली होती. तिच्या अग्रभागी क्लॅरिंडा होत्या. तंजावरातील मराठी ब्राह्मण कुळातील या विधवा भगिनीचा बाप्तिस्मा १७७८ साली श्वार्ट्झ यांच्याच हस्ते झाला होता, आणि १७८५ साली तिच्या प्रयत्नाने तेथे प्रार्थनामंदिर उभे राहिले. तंजावरहून ते ठिकाण सुमारे तीनशे किलोमीटर. त्या काळच्या वाटांनी तेथे वारंवार जाणे पन्नाशी उलटलेल्या मनुष्याला झेपणारे नव्हते. श्वार्ट्झ यांनी तेथे सत्यनाथन या तमिळ उपदेशकाला पाठवले; १७९० साली तंजावरात सत्यनाथन यांना पाळकपदाची दीक्षाही देण्यात आली. ज्या कोलहॉफला त्यांनी लहानपणापासून वाढवले, तोही १७८७ साली दीक्षित झाला आणि त्यांच्यामागे १८४४ पर्यंत त्याने तंजावरचे काम सांभाळले.

शिवगंगा बागेतील प्रार्थनामंदिरात एक संगमरवरी शिल्प आहे. सरफोजीराजांनी ते इंग्लंडातील शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून करवून घेतले. मरणशय्येवरील श्वार्ट्झ, त्यांचा हात हाती घेतलेले तरुण सरफोजी, मागे उभे असलेले सहकारी गेरिक आणि जवळ शाळेतील मुले असे ते दृश्य आहे. ज्याने कामे वाटून दिली त्याच्या उशाशी माणसे उरली, हे त्या दगडात स्पष्ट दिसते.

आपण काय करावे?

अशा थकव्यात पुष्कळ जण एखादा मोठा निर्धार करतात : नोकरीच सोडीन, गावी जाऊन राहीन, उद्यापासून पहाटे चारला उठून दोन तास प्रार्थना करीन. थकलेल्या मनुष्याला असा निर्धार आठवडाभरही पेलत नाही, आणि तो मोडला की दोषाची आणखी एक भर पडते. एलीयाला पहिल्या दिवशी भाकरच मिळाली, होरेब नव्हे. आपणही तोच क्रम धरू या.

पहिली गोष्ट झोपेची. निजण्याची एक वेळ ठरवावी आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. मंडळीतील कोणाच्या घरी मृत्यू किंवा आजारपण नसेल, तर रात्री नऊनंतरचे निरोप सकाळपर्यंत थांबू शकतात.

दुसरी गोष्ट अन्नाची आणि चालण्याची. दुपारचा डबा कामाच्या कागदांवर न उघडता दहा मिनिटे बाजूला बसून खावा. संध्याकाळी वीस मिनिटे चालावे. ते न जमल्यास दहा मिनिटे चालावे. परंतु दुसऱ्या दिवशी पुन्हा चालावे.

तिसरी गोष्ट कामाच्या यादीची. एका कागदावर आपली सर्व कामे लिहावी. जी केवळ आपणच करू शकतो, जी दुसरा करू शकेल, आणि जी कोणी केली नाहीत तरी चालतील, असे तीन भाग पाडावे. दुसऱ्या भागातील एकच काम या महिन्यात कोणाच्या तरी हाती द्यावे. तीन-चार वेळा त्याच्याबरोबर बसून ते शिकवावे आणि मग बाजूला व्हावे. येथेच खरी कसोटी लागते. नवा माणूस प्रारंभी आपल्याइतके चांगले काम करणार नाही; संडेस्कूलचा कार्यक्रम थोडा विस्कळीत होईल, हिशेबाची वही दोनदा तपासावी लागेल. ते सोसावे लागेल. आणखी एक गोष्ट सोसावी लागेल : आपल्यावाचून अडत नाही, हे उघड होणे. पुष्कळांना कामाच्या ओझ्यापेक्षा हेच अधिक जड जाते.

चौथी गोष्ट होकाराची. नवे काम कोणी सांगितले तर तत्काळ ‘हो’ म्हणू नये. ‘घरी विचारून दोन दिवसांत सांगतो’ असे म्हणावे. आणि घरी खरोखरच विचारावे, कारण आपल्या होकाराची किंमत घरचेही मोजत असतात.

पाचवी गोष्ट विसाव्याची. रविवार हा पाळकांचा, गायकवृंदाचा आणि संडेस्कूलच्या शिक्षकांचा कामाचा दिवस असतो. त्यांनी आठवड्यात दुसरा एखादा अर्धा दिवस राखून ठेवावा, आणि मंडळीनेही तो पाळावा.

या पाचही गोष्टी एकदम सुरू करू नयेत. एक निवडावी, सहा आठवडे करून पाहावी, मग दुसरी घ्यावी. एखादा दिवस चुकला तर चुकला.

एक सावधानता

प्रत्येक थकवा विसाव्याने जात नाही. रक्तक्षय, मधुमेह, थायरॉइडचा विकार आणि रजोनिवृत्तीच्या काळातील बदल हेही असाच थकवा आणतात. म्हणून डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. आठवडेच्या आठवडे कशातच रस वाटत नसेल किंवा एलीयाप्रमाणे मरणाचे विचार येत असतील, तर ते लपवू नये. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगावे आणि डॉक्टरांना भेटावे. २०२२ पासून शासनाची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.

तसेच, जेथे दोघांचे काम एकावर लादले जाते तेथे दोष त्या एकाच्या सवयींचा नसतो. अशा ठिकाणी वरिष्ठांशी बोलणे आवश्यक आहे. आणि तो ‘वरिष्ठ’ आपली मंडळीच असेल, तर पुढच्या बैठकीत हा विषय काढण्याचे कर्तव्य इतर सभासदांचे आहे. थकलेल्यानेच आपली कैफियत मांडावी अशी वाट पाहू नये.

मननासाठी प्रश्न

१. ‘मी एकटाच उरलो आहे’ असे मी कोणत्या कामाविषयी म्हणतो? ते काम करू शकतील अशा दोन व्यक्तींची नावे मी लिहू शकतो काय?

२. एलीयाने चाकराला बैर-शेब्यात ठेवले व तो एकटाच पुढे गेला. थकल्यावर मी कोणाला दूर ठेवतो?

३. आपल्या मंडळीत दहा वर्षांहून अधिक काळ एकच काम एकट्याने करणारे कोण आहेत? त्यांच्याशी या आठवड्यात कोण बोलेल?

या प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावी. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात जे नाव प्रथम येईल, त्या व्यक्तीची येत्या रविवारी उपासनेनंतर गाठ घ्यावी, आणि एक लहानसे काम तिच्या हाती द्यावे.