भांग रुंद दिसायला लागला की

भांगाची रेघ रुंद झाली की आपण बायका आधी फोटोतून बाजूला व्हायला लागतो. तू तसं करू नकोस, राणी. झाकायची चांगली सोय आहे, आणि ती वापरण्यात लाजण्यासारखं काही नाही. शेपटा भरदार दिसावा म्हणून आपल्या आज्याही गंगावन लावतच होत्या. फक्त कशावर काय चालतं ते नीट समजून घे, कारण दुकानात समोर येईल ती डबी हातात ठेवतात.

डबीतून शिंपडायचे ते हेअर फायबर. टॉपिक या ब्रँडचे फायबर केराटिनचे असतात, म्हणजे केस ज्या प्रथिनाचा बनतो त्याच प्रथिनाचे, आणि ते मेंढीच्या लोकरीतून मिळवतात. लोकर नको असेल तर कापसापासून केलेलेही मिळतात. हे बारीक कण स्थिर विजेमुळे तुझ्या केसांना चिकटतात आणि एकेक केस जाड दिसायला लागतो. चिकटायला केस मात्र हवेत! टाळूवर विरळ झालं असेल तर फायबरसारखं दुसरं काही नाही. गुळगुळीत जागेवर ते नुसते पडून राहतात. तेल लावलेल्या किंवा ओलसर केसांवर त्यांच्या गुठळ्या होतात, म्हणून न्हाऊन केस पूर्ण वाळल्यावरच शिंपड. केसगळतीवरचं मिनॉक्सिडिल लावत असशील तर तेही आधी पूर्ण वाळू दे.

नुसत्या भांगासाठी मला दाबून बसवलेली पावडर जास्त पटते, डर्ममॅचसारखी. ती केसांना लावायचीच नाही, कातडीला लावायची. काळ्या केसांमधून फिकी कातडी दिसते म्हणून भांग रुंद वाटतो. कातडीचा रंग गडद झाला की नजर तिथे थांबत नाही. जुलैत लोकलच्या गर्दीतून, घामाघूम होत ऑफिस गाठणारीला तर मी हीच सांगेन. फायबर थोडा घाम सोसतात, पण पावसात डोकं भिजलं की काळे ओघळ कपाळावर यायची भीती असते. फवाऱ्याने मारायचे रंग मुळाशी डोकावणारे पांढरे केस झाकायला बरे, पण केस कडक होतात. रोजसाठी नकोत.

भांग पूर्ण बुजवू नकोस. दोन्ही कडांनी लाव आणि मधली बारीक रेघ मोकळी ठेव, म्हणजे विग घातल्यासारखं दिसत नाही आणि कुंकू भरत असशील तर त्यालाही जागा राहते. रंग घेताना डोळे मिटून काळा उचलू नकोस. आपल्यापैकी कितीतरी जणींचे केस उन्हात गडद तपकिरी असतात, आणि त्यावर गर्द काळा रंग काजळी सांडल्यासारखा दिसतो. दिवसा, खिडकीपाशी, मुळाशी धरून रंग जुळवून बघ. रात्री झोपताना यातलं काहीही केसांत राहू देऊ नकोस, आधी सौम्य शांपूने धुऊन टाक.

आता मला खरी काळजी वाटते ते सांगते. झाकलं की विसरायला होतं, आणि त्यात महिने जातात. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात, ते बहुतेकदा आपोआप भरून येतात. पण कपाळावरची कड शाबूत आणि भांग मात्र हळूहळू रुंद होत चाललाय, असं असेल तर तो केसगळतीचा वेगळा प्रकार. लुडविग नावाच्या डॉक्टरांनी 1977 मध्ये त्याच्या तीन पायऱ्या मांडल्या. त्यावर उपचार जितका लवकर सुरू होईल तितके केस वाचतात. गेलेले परत आणणं फार अवघड. आणि नाण्याएवढी गुळगुळीत चकती दिसली, म्हणजे चाई पडली असेल, तर झाकत बसू नकोस, लगेच दाखव. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइडच्या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचार. मिनॉक्सिडिल मनाने सुरू करू नकोस, दिवस राहिले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर मुळीच नको.

त्वचेच्या डॉक्टरांकडे जाशील त्या दिवशी केस स्वच्छ धुऊन, काहीही न लावता जा. त्यांना भिंगातून केसांची जाडी बघायची असते. एमआरआय काढायचा असेल तेव्हाही असंच कर. फायबर आणि पावडरींच्या रंगांत लोहाचे कण असू शकतात आणि त्यामुळे चित्र बिघडतं. एकटीने जावंसं वाटत नसेल तर मला सांग, मी येते बरोबर.