काळ्या पडद्यावरचं वायफाय

गावच्या वाचनालयात मुलांना अभ्यासाला वायफाय हवं होतं. त्या निमित्ताने अ‍ॅक्सेस पॉइंटशी कमांड लाइनवरून ओळख झाली. ती अजून वाढते आहे. त्यातून उमगलेल्या गोष्टी अशा:

१. आपल्याला नेमकं काय हवंय, हे आधी ठरवावं लागतं. ब्राउझरच्या पानावर बटणं समोर असतात, त्यामुळे जे दिसतं तेच आपण मागतो. इथे पडदा गप्प असतो. ओपनडब्ल्यूआरटी या प्रणालीवर चालणाऱ्या अ‍ॅक्सेस पॉइंटच्या पेटीत एसएसएचने शिरून 'यूसीआय शो वायरलेस' लिहिलं, की रेडिओ, चॅनेल, नाव, एन्क्रिप्शन असं सगळं ओळीखाली ओळ उभं राहतं. पासवर्डसुद्धा उघडा! दचकायला होतं. पण पेटीच्या पोटात याहून गूढ काही नाही, हा दिलासाही तिथेच मिळतो.

२. सांगणं, पक्कं करणं आणि लागू होणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. 'यूसीआय सेट'ने केलेला बदल 'यूसीआय कमिट' म्हटल्याशिवाय मूळ फायलीत उतरत नाही, आणि 'वायफाय रीलोड' होईपर्यंत हवेत काहीच हलत नाही. मधल्या वेळात 'यूसीआय चेंजेस' लिहून आपलंच म्हणणं पुन्हा वाचता येतं. सिस्कोच्या स्वतंत्र चालणाऱ्या एअरोनेट पेट्यांची रीत उलटी आहे. तिथे एंटर दाबताच बदल लागू होतो, पण जतन केला नाही तर रीबूटनंतर नाहीसा होतो. दूरच्या पेटीसाठी मला हीच रीत मोलाची वाटते. आधी 'रीलोड इन १०' म्हणून ठेवायचं. बदलामुळे संपर्क तुटलाच, तर दहा मिनिटांनी पेटी आपोआप जुन्या स्थितीत परतते. सगळं ठीक असेल तर 'रीलोड कॅन्सल', आणि मग सेव्ह. परतीची वाट आधी आखून देणाऱ्या त्या अनाम इंजिनिअरांबद्दल मला खरोखर कृतज्ञता वाटते.

३. हवा आपल्या एकट्याची नाही. २.४ गिगाहर्ट्झमध्ये शेजारशेजारच्या चॅनेलांत फक्त ५ मेगाहर्ट्झचं अंतर असतं आणि एकेक चॅनेल साधारण २० मेगाहर्ट्झ व्यापतं. म्हणून १, ६, ११ यांतलंच एक घ्यावं. ५ गिगाहर्ट्झमध्ये डीएफएसचं, म्हणजे रडारला वाट मोकळी ठेवण्याचं, बंधन असलेलं चॅनेल निवडलं, तर रेडिओ निदान ६० सेकंद नुसता ऐकत राहतो. रडार नाही ना, याची खात्री झाल्यावरच बोलतो. घाईत असताना पेटी बंद पडल्यासारखी वाटते.

४. जोर वाढवला म्हणजे पोच वाढतेच असं नाही. २० डीबीएमचे २३ केले की १०० मिलिवॅटचे २०० होतात. एवढ्याशा आकड्यात शक्ती दुप्पट! पण फोनची शक्ती तेवढीच राहते. कोपऱ्यातल्या मुलाला सिग्नलच्या पट्ट्या भरलेल्या दिसतात, तरी त्याच्या फोनचं उत्तर पेटीपर्यंत नीट पोचत नाही. अशा वेळी जोर वाढवण्यापेक्षा केबल ओढून दुसरी पेटी लावणं बरं.

५. वायफायच्या नावालाही माप असतं: ३२ बाइट. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, वेलांटी, हलन्तही त्यात मोजले जातात. म्हणजे जेमतेम १० चिन्हं. 'सार्वजनिक वाचनालय' ४९ बाइट होतं, बसत नाही. नुसतं 'वाचनालय' २१मध्ये बसतं.