नाक, हडंबा आणि हिरवा चहा

१. मंठ्यात सोयाबीन काढणीला आलं की आधी माझ्या नाकाला कळतं. शेजारच्या रानात हडंबा (मळणीयंत्र) लागला, भुसकट उडालं, की सकाळी वीस-पंचवीस शिंका ठरलेल्या. त्यात बांधावरचं गाजरगवत फुललेलं असतंच.

२. ‘हिरवा चहा नाकाला चांगला’ असं कुणीतरी सांगितलं आणि मायनं अंगणातला गवती चहा उकळून दिला. वर्षभर तोच प्यालो. घशाला बरं वाटलं; पण ते झाडच वेगळं. ज्याची चर्चा आहे ते कॅटेचिन चहाच्या पानात असतं.

३. मग दुकानातला डबा आणला. तोही चुकलाच म्हणायचा. जपानात ‘सुगी’ नावाच्या झाडाच्या परागांनी वसंतात घरोघरी शिंका चालतात. तिथं ‘बेनिफूकी’ नावाचा चहाचा वाण आहे; त्यात मिथिल जोडलेलं ईजीसीजी हे कॅटेचिन असतं. ॲलर्जीच्या पेशीवर आयजीई प्रतिपिंडं बसतात, त्यांना पराग चिकटला की पेशी हिस्टामिन सोडते. क्यूशू विद्यापीठातल्या हिरोफुमी ताचिबाना यांच्या गटानं प्रयोगशाळेत दाखवलं, की हा घटक आयजीईच्या बसायच्या जागाच कमी करतो. माणसांवरच्या लहान चाचण्यांत नेहमीच्या ‘याबुकिता’पेक्षा बेनिफूकीनं त्रास कमी झाला, हंगामाच्या दीड महिना आधीपासून पिणाऱ्यांना जास्त फायदा झाला. गंमत म्हणजे बेनिफूकीच्या वंशात भारतातून नेलेलाच चहा आहे! आमच्या डब्यावर मात्र वाणाचं नावच नाही. आणि मी तो पहिली शिंक आल्यावर उघडला होता.

४. दूध घालून उकळायच्या काळ्या चहात हे शोधू नये. पान काळं होतानाच तो घटक जातो.

५. जेवणावर हिरवा चहा पिऊ नये, अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. ताईचं हिमोग्लोबिन कमी. तिला दिलेला डबा मीच परत आणला.

६. अर्काच्या गोळ्यांच्या वाटेला गेलो नाही. दिवसाला ८०० मिलीग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गोळ्यांतून गेलं तर यकृताला बाधा होऊ शकते, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये सांगितलंय.

७. खरा उतार नाकातल्या स्टेरॉइड फवाऱ्यानं पडला. दोन वर्षं मी तो शिंका आल्या की मारायचो आणि औषधाला नावं ठेवायचो. तो रोज मारायचा असतो, टोक मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला. यंदा डॉक्टरांना विचारून पोळ्यापासूनच सुरू केला, हडंब्यापाशी तोंडाला मास्क बांधला. चार वाजता कपभर हिरवा चहा अजून पितो, चवीची सवय लागली म्हणून. माय म्हणते, “एवढं कडू पिण्यापरीस काढा घे की.”