आपण गेल्यावर गावात काय उरेल?



करडीत आरोग्यसेविकेचे शिक्षण घेणाऱ्या मुलींना मी पहिला प्रश्न हाच विचारते. औषधांची पेटी रिकामी होते, शिकलेले राहते.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. पुढे त्यांनी गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर असलेल्या स्त्रियांना आरोग्याचे काम शिकवले. त्या गावच्याच, म्हणून विद्या गावात राहिली.

पाठ : बाळाला हगवण लागली, तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ आईलाच घालू द्या. आपण करून दिले, तर ती पुढच्या वेळी आपली वाट पाहील. तिने केले, तर शेजारणीलाही शिकवील.

विचार करा : आपल्या दानातून वस्तू पोहोचते, की शिकवण?