मोटारीचें ॲव्हरेज : छापील आकडा व रस्त्यावरील अनुभव

मोटार घेतलेल्या शेतकरीबंधूंची एक तक्रार वारंवार आमच्या कानीं येते. कागदावर लिटरला २२ किलोमीटर, आणि पदरांत पडतात सोळा-सतरा. आपली फसवणूक झाली, असें त्यांस वाटतें. आमच्या मतें येथें फसवणुकीपेक्षां मोजणीच्या रीतीचा भाग अधिक आहे.

हे आकडे मान्यताप्राप्त चाचणीसंस्थांत ठरतात; १९६६ सालीं स्थापन झालेली पुण्याची 'एआरएआय' ही त्यांतील प्रमुख. प्रचलित चाचणींत मोटार रस्त्यावर धांवत नाहीं. फिरत्या रुळांवर जागच्या जागीं चालते. सुमारें वीस मिनिटांत अकरा किलोमीटरांहून किंचित् कमी अंतर, कमाल वेग ताशीं ९०, सरासरी ३२ च्या आसपास, आणि एसी बंद. सायलेन्सरवाटें निघणाऱ्या वायूंतील कार्बन मोजून जळालेल्या इंधनाचा हिशेब करितात. सर्व मोटारी एकाच मापानें मोजल्या जाव्या, हा हेतु योग्यच आहे. पाडेगांवच्या ऊस संशोधन केंद्रावरील उतारा आपल्या रानांत मिळत नाहीं, म्हणून आपण केंद्रास खोटें म्हणत नाहीं.

आतां सणसवाडीहून पुण्यास निघालेली मोटार पाहा. कोरेगांव भीमा, लोणीकंद, वाघोली येथें कोंडी. इंजिन चालू, चाकें थांबलेलीं. उभ्या मोटारीचें ॲव्हरेज शून्य होय! उलट, शिरूरकडे रस्ता मोकळा मिळाला कीं कांटा शंभराकडे झुकतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. साठावरून नव्वदावर गेल्यास तो सव्वादोनपट होतो. वैशाखांतील एसी, मागें कांद्याचीं चार पोतीं, चाकांत कमी हवा, हीं सारीं त्यांत भर घालतात.

एक कारण तर आपल्याच उसांतून निघतें. उसाप्रमाणेंच मका व इतर धान्यांपासून होणाऱ्या इथेनॉलचें पेट्रोलमधील मिश्रण २०२५ सालीं २० टक्क्यांवर पोहोंचलें. लिटरमागें इथेनॉलची उष्णता पेट्रोलहून सुमारें एक-तृतीयांश कमी. साध्या पेट्रोलसाठीं बनविलेल्या व १० टक्के मिश्रणास जुळविलेल्या मोटारींत सहा ते सात टक्के घट होईल, असा अंदाज नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालांत होता. ऊस घालणाऱ्यानें कारखान्याचा दर व पंपावरील खर्च एकाच वहींत मांडून पाहावे.

खरें ॲव्हरेज घरींच काढतां येतें. पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी व किलोमीटर टिपावे. पुढच्या वेळीं त्याच पंपावर तशीच भरावी. मध्यंतरीं ६१२ किलोमीटर झाले व ३६ लिटर लागले, तर १७ आलें. एका टाकीवर विसंबूं नये. तीन-चार टाक्यांची सरासरी घ्यावी. ती एकाएकीं घसरली, तर विक्रेत्याकडे धांवण्यापूर्वीं चाकांतील हवा पाहावी, आणि ब्रेक चिकटून राहात नाहींत ना, हेंही तपासावें.