पाइपातला ओलावा आणि बिनथंडीचा बर्फ

मुंबईच्या उपनगरांत पारा कधी शून्यावर उतरत नाही. अंधेरी, घाटकोपर किंवा मुलुंडमध्ये जानेवारीच्या पहाटे फार तर शाल लागते. तरीही साकीनाक्याच्या गाळ्यात वेल्डिंग करणाऱ्या कारागिराला विचारा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा रेग्युलेटर भर मे महिन्यात पांढरा पडतो, गॅस अडकतो आणि काम थांबते, हे तो सांगेल. म्हणूनच त्या रेग्युलेटरजवळ विजेचा हीटर बसवतात.

नैसर्गिक गॅसच्या पाइपलाइनलाही अशीच व्याधी जडते आणि तो गॅस आता आपल्या दारात आला आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनावर नेण्यास सांगितले. ज्याने आयुष्यभर लाकूड ओले की सुके हे हातात घेऊन पारखले, त्याला आता गॅसचा ओलावाही समजून घ्यावा लागेल.

प्रथम थंडावा येतो कुठून ते पाहू. मोठ्या दाबाचा गॅस अरुंद वाटेने कमी दाबात सोडला की तो गार होतो. नैसर्गिक गॅसचा दाब एक बारने उतरला की तापमान ढोबळ मानाने अर्ध्या अंशाने उतरते. समजा, ५० बारचा गॅस एकाच व्हॉल्व्हमधून ४ बारवर आणला. दाब उतरला ४६ बार, तापमान उतरले सुमारे २३ अंश. गॅस २८ अंशांचा असेल तर तो ५ अंशांवर येईल. तोच २० अंशांचा असेल तर शून्याच्याही खाली जाईल. गाडीच्या टाकीत सीएनजी २०० बारपर्यंत भरतात. तेथे दाबाची उतरण याहून कितीतरी मोठी असते, म्हणून मोटारींच्या रिड्युसरमधून इंजिनाचे गरम पाणी फिरवलेले असते.

पण नुसत्या थंडीने पाइप तुंबत नाही. त्याला पाण्याची साथ लागते. सुताच्या व्यापारात आपण वजनावर साडेआठ टक्के ओलावा धरून हिशोब करतो, कारण कोरडे दिसणारे सूतही पाणी बाळगून असते. गॅसचेही तसेच आहे. तो उबदार असताना वाफेच्या रूपाने पाणी धरतो आणि गार होताच ते सोडून देतो. ते पाणी व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठते.

याहून फसवा प्रकार म्हणजे हायड्रेट. दाबाखाली गॅस आणि पाणी मिळून बर्फासारखा घट्ट पदार्थ तयार होतो आणि त्यासाठी शून्य अंशाची गरज लागत नाही. मिथेन वायूचा दाब ४० बारच्या आसपास असेल तर ४ अंशांवर, आणि ७० बारच्या थोडे वर असेल तर १० अंशांवरही हायड्रेट जमते. गॅसच्या पाइपा तुंबतात त्या साध्या बर्फाने नव्हे तर बहुधा या पदार्थाने, हे अमेरिकेत हॅमरश्मिट यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले.

म्हणून या धंद्याचा पहिला नियम असा: दाब उतरण्याच्या आधीच पाणी काढा. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात असलेले मुंबई हाय १९७४ मध्ये सापडले व १९७६ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. तेथील गॅस उरणकडे निघण्यापूर्वी समुद्रातच वाळवतात. उंच मनोऱ्यात वरून ग्लायकॉल पडते, खालून गॅस चढतो आणि ग्लायकॉल पाणी शोषून घेते. मग ते तापवून, पाणी उडवून पुन्हा वापरतात. न वाळवता पाठवले तर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड मिळून आम्ल होते व ते पोलादी पाइप आतून खाते. अमेरिकेतील रूढ मर्यादा दहा लाख घनफुटांना ७ पौंड पाणी अशी आहे. म्हणजे एका घनमीटरला जेमतेम दोन थेंब.

दाब उतरवणाऱ्या केंद्रात चार उपाय असतात. दाब एकदम न उतरवता टप्प्याटप्प्याने उतरवणे आणि मध्ये गॅसला ऊब मिळू देणे. गरज असेल तेथे आधी हीटरने गॅस तापवणे. रेग्युलेटरच्या आधी फिल्टर ठेवून त्याच्या तळातील पाणी नेमाने सोडणे. आणि अडचणीच्या वेळी मिथेनॉल टाकणे, कारण ते पाण्याचा गोठणबिंदू खाली नेते.

महानगर गॅस ही कंपनी १९९५ मध्ये स्थापन झाली. तिचा गॅस घरात येतो तो अवघ्या २१ मिलिबार दाबाने. येथे गोठण्याचे भय नाही, पण पाण्याचे आहे. २१ मिलिबार म्हणजे साधारण २१ सेंटिमीटर पाण्याचा भार. अशा कमी दाबाच्या जमिनीतील पाइपाला चीर असेल आणि वर वीतभर पाणी साचले, तर पाणीच आत शिरू लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. अशा शहरात ही गोष्ट विसरून चालणार नाही. पाइपाच्या खोलगट भागात पाणी बसले की ज्योत फडफडते आणि भट्टीचा ताव बिघडतो.

आता कारखानदाराने आणि बेकरीवाल्याने लक्षात ठेवण्याच्या गोष्टी:

१. नव्या पाइपाची चाचणी पाण्याने झाली असेल तर पाइप पूर्ण वाळवला की नाही हे विचारा. गाळ्यातल्या कॉम्प्रेसरच्या हवेतही पाणी असते, त्या हवेने पाइप वाळत नाही.

२. रेग्युलेटरला हवेचे एक छिद्र असते, त्याला व्हेंट म्हणतात. त्यात पन्हळीचे पाणी, रंग किंवा पीठ जाऊ देऊ नका. ते बुजले तर रेग्युलेटर दाब नीट सांभाळू शकत नाही.

३. पावसाळ्यात गार पाइपावर बाहेरून घाम येतो. तो बाहेरच्या हवेचा असतो. तेवढ्यावरून गॅस ओला ठरत नाही. ज्योत फडफडू लागली किंवा दाब कमी-जास्त होऊ लागला, तर मात्र आतली तपासणी करून घ्या.

४. गोठलेल्या रेग्युलेटरला टॉर्च किंवा दिवटी कधीही लावू नका. हातोडीही मारू नका. व्हॉल्व्ह बंद करा, आपोआप ऊब येऊ द्या आणि कंपनीच्या माणसाला बोलवा. मोठ्या पाइपातील हायड्रेटचा बोळा एकाच बाजूने दाब सोडला तर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो.

५. गॅसचा वास आला तर विजेचे बटण दाबू नका. दारे-खिडक्या उघडा, माणसे बाहेर काढा, मग दूर जाऊन फोन करा.

पाणी काढायला लागणारा खर्च डोळ्यांना दिसतो. न काढलेल्या पाण्याचे नुकसान भट्टी थांबते त्या दिवशी दिसते, आणि त्या दिवशीही कारागिरांची मजुरी द्यावीच लागते. पाइप बसवणाऱ्याला पैसे चुकते करण्याआधी वरचे प्रश्न विचारून घेतलेले बरे.